पाचवी आज्ञा आणि बोटीवरचे वडील

शब्बाथशाळेत दहा आज्ञा शिकवण्याची वेळ आली की पहिल्या चार आज्ञांपाशी शिक्षकांची थोडी तारांबळ उडते. कोरीव मूर्ती, व्यर्थ नाम घेणे, शब्बाथ हे शब्द लहान मुलांना दूरचे वाटतात. पाचवी आज्ञा आली म्हणजे सर्वांना हायसे वाटते. आईबाप सर्वांनाच असतात. फळ्यावर एक घर काढावे, दारात आईबाप उभे करावेत, मुलांनी रंग भरावेत, तास संपला. माझ्या मते मात्र दहांमध्ये शिकवण्यास सर्वांत अवघड आज्ञा हीच आहे. ज्या मुलाचे वडील दारात उभे नसतात त्याने रंग कोठे भरावा? देवाघरी गेलेल्या बापाविषयी मंडळीला बोलता येते. घर सोडून गेलेल्या बापाविषयी निदान कुजबुजता तरी येते. पण तिसराही एक बाप असतो. तो जिवंत आहे, सज्जन आहे, दरमहा पैसे पाठवतो, पत्रे लिहितो, आणि घरी नाही. त्याचा मान राखायचा म्हणजे मुलांनी नेमके काय करायचे?

हा प्रश्न मी पुस्तकातून घेतलेला नाही. माझे वडील १९६१ पासून १९९३ पर्यंत, अशी बत्तीस वर्षे, व्यापारी जहाजांवर इंजिनीअर होते आणि आमचे बिऱ्हाड हैदराबादेत होते. हैदराबादेस समुद्र नाही. हुसेनसागर आहे, पण तो कुतुबशाहीत बांधलेला तलाव. खरा समुद्र मछलीपट्टणचा, तोही रस्त्याने तीनशे किलोमीटरांहून दूर. मुंबईच्या किंवा रत्नागिरीच्या मुलाने ‘वडील बोटीवर असतात’ म्हटले तर कोणी वळूनही पाहत नाही. कोकणातल्या कित्येक गावांनी पिढ्यान्‌पिढ्या बोटींना खलाशी पुरवले. गोव्याच्या गावांनी तर आपल्या दर्यावर्दी माणसांना उतरण्यासाठी मुंबईत धोबीतलावाकडे कूड काढून ठेवले होते. आमच्या काचीगुड्यात मात्र शेजारच्या खालाजान दर दोन महिन्यांनी नव्याने विचारीत, “तुम्हारे अब्बा पानी पेच रहते क्या? उतरतेच नै?” त्यांना त्याचे खरोखरच नवल वाटे. आम्हा बहिणींना लाज वाटे, आणि लाज कशाची हे सांगता येत नसे.

आजोबा जालन्याकडून निजामाच्या रेल्वेत नोकरीस आले आणि लालागुड्याच्या कारखान्यात फिटर झाले. यंत्राची ओढ पपांना तेथूनच लागली असावी. कलकत्त्यास १९४९ मध्ये सागरी अभियांत्रिकीचे सरकारी शिक्षण सुरू झाले होते. पपा तेथे चार वर्षे शिकले आणि बोटीवर ‘पाच साब’ म्हणून चढले. बोटीवरच्या हिंदुस्थानी खलाशांची ही जुनी बोली आहे. सर्वांत धाकटा इंजिनीअर तो पाच साब, त्याच्यावर चार साब, तीन साब, आणि सर्वांवर चीफ इंजिनीअर, तो बडा साब. ही शिडी चढताना मधूनमधून मुंबईस येऊन सरकारी परीक्षा द्याव्या लागत. पाच साबाचा बडा साब होण्यास पपांना अठरा वर्षे लागली.

लोकांची समजूत अशी की बोटीवरचा माणूस समुद्र पाहतो. इंजिनीअर पाहत नाही. त्याचे काम पाण्याच्या रेषेखाली, तीन मजली घराएवढ्या यंत्राच्या पायाशी असते. मोठ्या बोटीचे डिझेल यंत्र संथ चालते, मिनिटाला शंभर-सव्वाशे फेरे. पण त्याचा आवाज असा की शेजाऱ्याशी खुणांनीच बोलावे लागते, आणि लाल समुद्रात उन्हाळ्यात खालची उष्णता पंचेचाळीस अंशांवर जाते. चार तास पाळी, आठ तास मोकळे, पुन्हा चार तास पाळी. तीन साबाची पाळी बारा ते चार, दुपारी आणि मध्यरात्रीही. सेकंड इंजिनीअरची चार ते आठ. सर्व बंदरे पाहिलेला हा माणूस बंदरात गेल्यावर पुष्कळदा पिस्टन बाहेर काढून बसलेला असे, कारण यंत्र थांबलेले असते ते तेवढ्याच दिवसांत. मुंबईहून निघताना जो निळा समुद्र दिसला तोच पुढे लिव्हरपुलास पोहोचेपर्यंत पुरवावा लागे, असे पपा म्हणत.

त्यांची फेरी बहुधा नऊ-दहा महिन्यांची असे. त्यात माझ्या वाट्याला एक विशेष काळ आला. माझा जन्म १९६६ चा. जून १९६७ मध्ये अरब-इस्राएल युद्धात सुएझचा कालवा बंद झाला आणि जून १९७५ मध्ये उघडला. त्या कालव्यातील ग्रेट बिटर लेकमध्ये चौदा व्यापारी बोटी आठ वर्षे अडकून पडल्या. बाकीच्या बोटी आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागल्या. मुंबईहून इंग्लंडला जाताना चार हजारांहून अधिक सागरी मैलांची भर पडली, म्हणजे त्या काळच्या बोटीच्या वेगाने जाताना अकरा-बारा दिवस आणि येताना तितकेच. कैरो आणि तेल अवीव येथील भांडणात काचीगुड्याच्या एका मुलीचा बाप दर फेरीला तीन आठवडे उशिरा घरी येई. पत्रे एजंटाच्या पत्त्यावर पुढच्या बंदरी जात. मला गोवर आल्याचे आईने कळवले, आणि गोवर उतरून महिना झाल्यावर ‘पोरीला वारा लागू देऊ नकोस’ असे पत्र आले.

खलाशाजवळ एक सरकारी पुस्तिका असते. तीत प्रत्येक बोटीवर चढल्याची व उतरल्याची तारीख, बंदर, आणि कॅप्टनने कामाविषयी व वर्तणुकीविषयी मारलेला शिक्का असतो. पपांच्या पुस्तिकेत सर्व शिक्के ‘उत्तम’चे आहेत. मी एकदा तारखा मांडून बेरीज केली. बत्तीस वर्षांपैकी सुमारे बावीस वर्षे ते पाण्यावर होते. एका ओळीची उतरण्याची तारीख आणि पुढच्या ओळीची चढण्याची तारीख यांच्या मधले जे दिवस पुस्तिकेत लिहिलेले नाहीत, ते आमचे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ज्यांचे वडील परगावी कमावतात अशा मुलांना आपण मंडळीत एकच उत्तर देतो: “बाळ, ते तुझ्यासाठीच तर कष्ट करतात.” या उत्तराला शास्त्राधारही आहे. स्वकीयांची, विशेषतः घरच्यांची तरतूद न करणाऱ्याला पौलाने तीमथ्याला लिहिताना फार कडक शब्द वापरले आहेत. तरतूद पपांनी केली. त्यांच्या पगारातून कुटुंबासाठी दरमहा ठराविक रक्कम परस्पर कंपनीकडून येई, तिला अलॉटमेंट म्हणत, आणि ती कधी चुकली नाही. आमच्या शाळेच्या फिया, आजीचे मोतीबिंदूचे ऑपरेशन, प्रार्थनामंदिराच्या छपराचे पत्रे, सर्व त्यातून झाले.

तरीही हे उत्तर मला पटत नाही, आणि लहान मुलाला तर ते देऊच नये असे माझे मत आहे. त्यात मुलावर एक कर्ज चढवलेले आहे, आणि ते त्याने मागितलेले नाही. दहा वर्षांचे मूल सायकल मागते. आपल्या बापाची बावीस वर्षे ते मागत नाही. न मागता दिलेल्या देणगीबद्दल कृतज्ञता वाटू शकते, पण ती देणगी ऋण म्हणून खात्यात मांडली की मूल दोनपैकी एक गोष्ट करते. ते आयुष्यभर फेडत बसते, नाहीतर सावकाराला टाळते. बोटीवरच्या, आखातातल्या, सैन्यातल्या माणसांच्या मुलांत हे दोन्ही प्रकार मी पुष्कळ पाहिले आहेत.

शिवाय ते उत्तर पुरते खरेही नसते. पपांना इंजिन आवडत असे. ही गोष्ट ते घरी लपवत. सुटीवर आले की ‘पुरे झाली ही बोट’ असे म्हणत, कारण तसे म्हणणे आईच्या दृष्टीने योग्य होते. पण घरी पहिल्या तीन-चार रात्री त्यांना झोप लागत नसे. बोटीवर यंत्र चालू असेपर्यंत इंजिनीअर गाढ झोपतो आणि ते थांबले की दचकून जागा होतो. आमची गल्ली रात्री शांत, म्हणून ते सारी रात्र जागेच. आठवड्याभरात गल्लीतला पाण्याचा पंप उघडून त्याचे भाग वर्तमानपत्रावर ओळीने मांडून ते बसलेले असत, आणि तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसे तो आम्हाला हैदराबादच्या चिड़ियाघरात नेताना दिसत नसे. ‘त्याग’ हा शब्द आपण व्यासपीठावरून फार सैल हाताने वापरतो. आईबापांच्या कष्टांत त्याग असतो आणि आवडही असते. आवडीचा भाग झाकून सगळ्याला त्याग म्हटले की मुलाच्या डोक्यावरचे ओझे दुप्पट होते. आपला बाप जगात कोठेतरी सुखी आहे हे कळण्याचा मुलाला हक्क आहे. त्याने दुःख होते हे खरे. पण ते दुःख स्वच्छ असते.

आणि आई? आज्ञेत दोघांची नावे आहेत हे आपण सोयीने विसरतो. नाताळच्या उपासनेनंतर पाळकसाहेब पपांचा हात हातात घेऊन आभार मानीत आणि आई शेजारी पिशवी धरून उभी राही. घराचे भाडे, आजीचे औषध, नळाचे भांडण, धाकटीचा दमा, माझे गणित, सर्व एकटी पाही. शिवाय दिवसा शाळेत शिकवी. पती हा कुटुंबाचा मस्तक असे आपण शिकवतो. जे मस्तक वर्षातील दहा महिने केप ऑफ गुड होपच्या पलीकडे आहे त्याच्या घरी काय होते, हे कोणत्या प्रवचनात मी ऐकलेले नाही. आमच्या घरी असे होई की पपा आले म्हणजे आई प्रगतिपुस्तक सहीसाठी त्यांच्यापुढे ठेवी. ते वाचून म्हणत, “तूच कर सही, बाईंना तुझीच ओळखीची.” तिने ठेवले यात तिचा शहाणपणा होता आणि त्यांनी परत केले यात त्यांचा. अनेक घरांत ही सही दोघांतल्या कोणाला तरी जमत नाही, आणि मग सुटीचे तीन महिने बोटीवरच्या दहांपेक्षा लांब होतात.

पौलाने करिंथकरांस लिहिताना सहज एक गोष्ट सांगितली आहे: केफा आपल्या पत्नीला बरोबर घेऊन फिरत असे. म्हणजे प्रेषितांनाही हा प्रश्न पडलाच होता. बोटीवरही वरच्या अधिकाऱ्यांना पत्नीला नेण्याची मुभा असते. पपा सेकंड इंजिनीअर झाल्यावर आई एकदा गेली, कोलंबोपर्यंत. परत येऊन म्हणाली, “तिथे तुमचे पपा निराळेच असतात.” एवढेच. पुन्हा गेली नाही, कारण आमच्याजवळ राहण्यास कोणी नव्हते. केफाची मुले कोणाजवळ राहिली, किंवा त्याला ती होती की नाही, हे पवित्र शास्त्र सांगत नाही.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी ध्यानात घ्यावे असे आज्ञेविषयी दोन मुद्दे आहेत. पहिला असा की ही आज्ञा मुळात बालवर्गाला दिलेली नाही. सिनायच्या पायथ्याशी ऐकत उभे होते ते प्रौढ स्त्रीपुरुष, ज्यांचे आईबाप म्हातारे होत चालले होते. आपल्या प्रभूनेही परूश्यांना या आज्ञेची आठवण दिली ती मुलांच्या खोड्यांवरून नव्हे. मोठी माणसे आईबापांच्या पोषणाला लागणारा पैसा ‘देवाला वाहिला’ म्हणून मोकळी होत, त्यावरून दिली. मार्काच्या सातव्या अध्यायात ते आहे. दुसरा मुद्दा शब्दाचा. आज्ञेत प्रीती करण्याविषयी काही नाही. मूळ इब्री शब्दाच्या धातूचा अर्थ ‘जड असणे’ असा आहे. मान राखणे म्हणजे वजन देणे. आपल्याकडेही एखाद्याच्या शब्दाला वजन आहे असे आपण म्हणतोच. प्रीती आज्ञेने उत्पन्न होत नाही. जो माणूस वर्षातून तीनच महिने भेटतो त्याच्यावरची प्रीती दर वेळी नव्याने सुरू करावी लागते आणि ती जमतेच असे नाही. पण वजन देणे निराळे. त्यासाठी तो माणूस घरी काय होता एवढेच पाहून भागत नाही. तो जेथे होता तेथे काय होता हेही पाहावे लागते.

येथे एक हकिकत सांगणे भाग आहे. १९७८ साली पपा सेकंड इंजिनीअर असलेल्या बोटीच्या इंजिनरूममध्ये पहाटेच्या पाळीला इंधनाची नळी फुटली आणि तापलेल्या एक्झॉस्टवर तेल उडून आग लागली. अशा आगीवर पाण्याचा उपयोग थोडा. शेवटचा उपाय म्हणून सर्व दारे आणि झडपा बंद करून आत कार्बन डायऑक्साइड वायू सोडतात. त्याने आग गुदमरते. आत माणूस असेल तर तोही गुदमरतो. म्हणून वायू सोडण्यापूर्वी डोकी मोजायची असा कडक नियम असतो. डोकी मोजली तेव्हा एक कमी भरले. एक तेलवाला दिसेना.

वाचकांनी त्या जागी क्षणभर उभे राहावे. वर डेकवर चाळीसहून अधिक माणसे. उशीर केला तर आग इंधनाच्या टाक्यांकडे सरकणार. आता वायू सोडला तर एक माणूस आपल्या हाताने मारला जाणार, तोही कदाचित. कॅप्टनने दहा मिनिटे दिली. पाळी पपांची होती. पाठीवर हवेची टाकी, कमरेला दोर, दोराचे दुसरे टोक पाच साबाच्या हाती, असे ते खाली उतरले. पंपांजवळ पाहिले, वर्कशॉपमध्ये पाहिले, धुरात हात लांब करून चाचपले. कोणी सापडले नाही. नवव्या मिनिटाला वर आले. तेवढ्यात मागल्या डेकवरून ओरडा झाला. तो तेलवाला पंख्याच्या दांड्याच्या बोगद्यातून, तेथल्या सुटकेच्या शिडीने, केव्हाच वर चढला होता आणि मागे दोरखंडांवर बसून खोकत होता. मग वायू सोडला. आग विझली. बोट दोन दिवस निर्जीव तरंगत राहिली आणि नंतर तिला ओढून बंदरात नेले.

पपांनी ही गोष्ट चार महिन्यांनी घरी, जेवताना, विनोद म्हणून सांगितली. आई वाढायची थांबली.

“घरी दोन मुली होत्या तुमच्या.”

“त्यालाही होत्या. तीन.”

“पण तो आत नव्हताच!”

“नव्हता, हे आत गेल्यावर कळलं.”

आई उठून आत गेली. मी बारा वर्षांची होते आणि त्या दोघांपैकी कोण बरोबर हे ठरवण्याचा प्रयत्न तेव्हापासून करीत आले आहे. पुढल्या वर्षी, १९७९ च्या जूनअखेर, कच्चे लोखंड भरून मुरगाव बंदरातून युरोपला निघालेल्या ‘कैराली’ या भारतीय बोटीचा जुलैच्या पहिल्या आठवड्यात संपर्क तुटला, आणि माणसांसकट ती बोट आजतागायत सापडलेली नाही. पपा तेव्हा दुसऱ्या बोटीवर, दुसऱ्याच समुद्रात होते. आईने वर्तमानपत्र घडी घालून ठेवले आणि त्या रात्री स्वयंपाक केला नाही.

हरवलेल्या मेंढराचा दाखला आपण सर्वजण शिकवतो. शंभर मेंढरांपैकी एक हरवते, मेंढपाळ नव्याण्णव मेंढरे रानात सोडून त्याच्या शोधास जातो, ते खांद्यावर घेऊन येतो, शेजाऱ्यांना बोलावतो. चित्रात नेहमी ते खांद्यावरचे मेंढरू असते. लूक मात्र साफ लिहितो की नव्याण्णवांना रानात सोडले. त्यांच्यापाशी दुसरा राखणदार ठेवला असे तो सांगत नाही. मी आणि माझी बहीण त्या नव्याण्णवांतल्या. मेंढपाळ परत येईल की नाही हे नव्याण्णवांना ठाऊक नसते. त्यातही आमच्या मेंढपाळाला एक मिळालेच नाही. ते आपल्या पायांनी आधीच वर आले होते.

आईची बाजू लहान समजू नये. बापाने आपल्या दोन मुलींचे आयुष्य पणाला लावले, आणि त्याबद्दल त्यांना विचारले नाही. असा माणूस वीर असेल, पण त्याला दोन मुली असायला नको होत्या, असेही कोणी म्हणू शकेल. टायटॅनिक १९१२ मध्ये बुडाली तेव्हा तिच्यावरील इंजिनीअरांपैकी एकही वाचला नाही. बोट बुडण्याच्या अगदी थोडा वेळ आधीपर्यंत दिवे जळत होते, आणि त्या दिव्यांच्या उजेडात परक्यांची मुले होड्यांत उतरली. त्या इंजिनीअरांनाही घरी कोणी होतेच.

मला जे दिसते ते असे. दुसऱ्याच्या मुलांचा बाप आत असेल म्हणून जो उतरत नाही, तो आपल्या मुलांकडे परत येतो खरा. पण परत येतो तो माणूस कोण? ‘त्यालाही होत्या, तीन’ या उत्तरात पपांनी आम्हाला बाजूला ठेवले नव्हते. आम्ही होतो म्हणूनच तेलवाल्याच्या तीन मुली त्यांना दिसल्या. ज्याला स्वतःची मुले नाहीत त्यालाही त्या दिसू शकतात, याबद्दल वाद नाही. पण पपांना त्या आमच्यामुळे दिसल्या, असे त्यांच्या स्वरावरून मला वाटले आणि अजूनही वाटते. घरी ते कोणत्या विषयात मला किती गुण मिळाले हे नीट जाणत नसत. पाण्याच्या रेषेखाली ते बाप होते. आज्ञा ज्या वजनाची भाषा बोलते ते वजन मला तेथे सापडते, अलॉटमेंटच्या पावत्यांत नव्हे.

दर्यावर्दी लोकांकडे मंडळीचे लक्ष गेले तेही एका मुलाच्या प्रश्नामुळे, ही गोष्ट शिक्षकांना आवडेल. इंग्लंडात १८३५ साली जॉन अॅश्ली नावाचे पाळक ब्रिस्टल खाडीच्या काठी उभे असता त्यांच्या लहान मुलाने समोरचे बेट दाखवून विचारले, तेथील माणसे चर्चला कशी जातात? अॅश्ली चौकशीस गेले, आणि मग खाडीत नांगरलेल्या शेकडो बोटींवर वर्षानुवर्षे जात राहिले. त्या कामातून १८५६ मध्ये खलाशांसाठी मिशन स्थापन झाले आणि ते आज जगभरच्या बंदरांत आहे. बोटीवरच्या माणसाची विचारपूस अशी सुरू झाली. त्याच्या घरच्यांची विचारपूस करण्यास बंदर लागत नाही. आमच्या घरी महिला मंडळाच्या दोघी दर बुधवारी येत, चहा पीत, आणि मुख्य म्हणजे पपांविषयी काही विचारीत नसत, आईविषयी विचारीत.

आता बोटीवरून व्हिडिओवर बोलता येते, म्हणून हा प्रश्न संपला असे कोणी समजू नये. आंतरराष्ट्रीय सागरी श्रम करारानुसार, जो भारताने २०१५ मध्ये स्वीकारला, खलाशाला सलग बारा महिन्यांच्या आत घरी पाठवावे लागते. तरी २०२० च्या साथीत बंदरे बंद झाली तेव्हा जगातील सुमारे चार लाख खलाशी मुदत संपूनही बोटींवर अडकले होते. ‘अॅस्फाल्ट व्हेंचर’ ही बोट सोमाली चाच्यांनी २०१० मध्ये पकडली. खंडणी घेऊन २०११ मध्ये बोट सोडली, पण सात भारतीयांना ठेवून घेतले, आणि ते घरी आले ते २०१४ च्या अखेरीस. चार वर्षे त्यांच्या मुलांना कोणी काय सांगितले असेल? आणि तेलंगणात तर बोट हे निमित्तमात्र. करीमनगर आणि निझामाबादकडील गावोगावचे बाप दुबईला, मस्कतला आहेत. आपल्या मंडळ्यांतही आहेत. शब्बाथशाळेच्या बाकांवर त्यांची मुले बसतात आणि फळ्यावरच्या घराकडे पाहतात.

मी माझ्या वर्गात आता घर काढीत नाही. वडील काय काम करतात, कोठे करतात, त्यांच्या हाताखाली कोण आहे, त्यांना त्या कामातले काय आवडते, हे घरी विचारून या असे सांगते. ज्यांचे वडील दूर आहेत ती मुले फोनवर विचारतात. एका मुलाच्या वडिलांनी कतारहून क्रेनच्या केबिनमधील फोटो पाठवला. त्याने तो सगळ्यांना दोनदा दाखवला.

माझी बहीण या सर्वाशी सहमत नाही. तिच्या मते पपांना १९७५ च्या सुमारास विशाखापट्टणच्या जहाजबांधणी कारखान्यात किनाऱ्यावरची नोकरी मिळाली असती. पगार कमी झाला असता, पण रोज संध्याकाळी ते घरी आले असते. ती दम्याने बसून राही त्या रात्री तिला आईशिवाय कोणी आठवत नाही, आणि आगीच्या गोष्टीने त्यात काही फरक पडत नाही, असे ती स्पष्ट म्हणते. हे तिने पपांनाही त्यांच्या निवृत्तीनंतर सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि ‘खरं आहे’ म्हणाले. पुढे २०११ मध्ये ते वारले. त्यांच्या शेवटच्या दोन वर्षांत त्यांना आंघोळ घालणे, औषधे देणे, रात्री उठून बसवणे हे सर्व तिनेच केले, कारण तिचे घर जवळ होते. नारायणगुड्याच्या कबरस्तानात आम्ही दोघी जातो तेव्हा फुले ती आणते. वाद तिने सोडलेला नाही, आणि मी तिला तो सोड असे म्हणत नाही.